बाहुलीच्या अंगावरची रेघ

क्योटोला गेलेला मनुष्य सोन्याने मढवलेले देऊळ पाहतो, बांबूचे बन पाहतो, तांबड्या कमानींच्या रांगेखालून डोंगर चढतो आणि संध्याकाळी पाय चेपीत बसतो. होक्योजीला तो सहसा जात नाही. शहराच्या उत्तर अंगाला 'तेरानोउची' नावाचा रस्ता आहे. ह्या नावाचा अर्थच मुळी 'देवळांच्या आत' असा आहे, आणि रस्ता खरोखरच देवळांच्या पोटातून जातो. जवळच निशिजिन, म्हणजे रेशमी कापड विणणाऱ्यांची जुनी वस्ती. आपले येवलेच म्हणा. ह्या भागात होक्योजी हा भिक्षुणींचा मठ आहे. गावातली माणसे त्याला 'बाहुल्यांचे देऊळ' म्हणतात. वसंतात आणि शरदात तेथल्या बाहुल्या लोकांना पाहता याव्यात म्हणून मांडून ठेवतात. 2019 च्या नोव्हेंबरात, मेपलची पाने लाल होऊ लागली होती तेव्हा, मी तेथे गेले होते.

पूर्वी राजघराण्यातल्या मुली ह्या मठात भिक्षुणी होऊन राहत. मुलीने केस उतरवून मठात जायचे आणि बापाने, म्हणजे प्रत्यक्ष सम्राटाने, तिच्यासाठी बाहुल्या पाठवायच्या. आपल्याकडे सासरी जाणाऱ्या लहानग्या नवरीच्या बोचक्यात आई गुपचूप एखादी चिंध्यांची बाहुली घालून देई, त्यातलाच हा प्रकार. फक्त ह्या मुलींना परत माहेरपण नव्हते. तेथल्या एका मोठ्या बाहुलीविषयी अशी कथा सांगतात, की ती रात्री आपल्या दोन दासी-बाहुल्या बरोबर घेऊन मठात गस्त घालीत असे. तिच्या समोर उभे राहिल्यावर ही कथा फारशी अशक्य वाटत नाही. दर वर्षी 14 ऑक्टोबरला लोक आपल्या जुन्या, मोडक्या बाहुल्या ह्या मठात आणतात आणि तेथे त्यांच्यासाठी विधिपूर्वक प्रार्थना होते. बाहुली केराच्या टोपलीत टाकायला जपानी माणसाचा हात धजत नाही.

मठातल्या ज्या बाहुल्यांपुढे मी अधिक रेंगाळले, त्यांना 'गोशो निंग्यो' म्हणतात; राजवाड्यातल्या बाहुल्या. गुबगुबीत बाळे, डोके अंगाच्या मानाने मोठे, आणि रंग असा पांढरा की लोण्याचा गोळा आठवावा. हा पांढरेपणा शिंपल्यांचा. कालवांचे शिंपले वर्षानुवर्षे उन्हापावसात ठेवून त्यांची पूड करतात, ती सरसात कालवतात आणि त्या लेपाचे हात बाहुलीवर देतात. एक वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. ह्या लेपाला 'गोफुन' म्हणतात. आत काय असते? कधी कोरलेले लाकूड. तर कधी 'किरी' नावाच्या हलक्या लाकडाचा भुसा, खळीत मळून साच्यात दाबलेला. साचा अर्थात दोन पाखांचा. पुढचा अर्धा निराळा, मागचा अर्धा निराळा, मग दोन्ही एकमेकांना चिकटवायचे. म्हणजे त्या राजस बाळाच्या कानामागून मानेपर्यंत एक सांधा आहे. पण तो गोफुनाच्या थरांखाली कायमचा निजलेला आहे. साच्यातल्या बाहुलीचे डोळेसुद्धा आधी लेपाखाली झाकले जातात आणि शेवटी बारीक सुरीने लेप कापून ते उघडतात. आपल्या मूर्तिकाराने शेवटी डोळे लिहावे, तसेच.

मी ह्या डोळ्यांचा विचार करीत होते. पण माझ्या भाचीचे लक्ष भलतीकडेच. ती म्हणाली, "मावशी, पाहा ना, ह्यांच्या अंगावर एकसुद्धा रेघ नाही!" तिच्या आवाजात कौतुक होते, आणि थोडा मत्सरही.

ही भाची तेव्हा क्योटोत रसायनशास्त्र शिकत होती आणि मी तिच्याच खोलीवर उतरले होते. खोली इतकी लहान की माझी वळकटी अंथरली की दार उघडता येत नसे. त्या खोलीत आम्ही दोघी राहत नव्हतो, तिघी राहत होतो. तिसरी होती ठकी.

आपल्याकडच्या लाकडी ठकीशी ह्या ठकीचा नात्याने काही संबंध नाही. भाचीने हौसेने नाव ठेवले इतकेच. ही जपानी बाहुली, उंची जवळजवळ 2 फूट, डोळे काचेचे, केस टोपासारखे काढता-घालता येणारे, आणि सारे अंग रेझिनचे. तिची मान वळते, कोपर वाकते, ती मांडी घालून बसते, आणि गालावर हात टेकवून अशी पाहते की आपण काहीतरी विसरलो आहोत असे वाटावे. तिच्या प्रत्येक सांध्यात एक गोळा आणि एक खोबण असते, आणि पोकळ अंगातून ओवलेला रबरी दोर सगळे अवयव ताणून धरतो. इंग्रजीत ह्या जातीला लांबलचक नाव आहे. पण आपल्या शाळेच्या पुस्तकात खांद्याचा आणि खुब्याचा 'उखळीचा सांधा' असतो, तोच हा. भाचीला मी हा शब्द सांगितला तेव्हा ती भलतीच खूश झाली.

उखळीच्या सांध्यांची बाहुली जपानात आली ती युरोपातून, आणि जरा आडवाटेने. हान्स बेलमेर नावाच्या जर्मन कलावंताने बर्लिनच्या संग्रहालयात 16 व्या शतकातल्या लाकडी, सांधे असलेल्या बाहुल्या पाहिल्या आणि 1930 नंतरच्या दशकात स्वतःच्या बाहुल्या घडवून त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. ती चित्रे दिवाळी अंकात छापण्याजोगी नाहीत. 1965 साली शिबुसावा तात्सुहिको ह्या लेखकाने त्यांची ओळख जपानी वाचकांना करून दिली. तो लेख योत्सुया सिमोन ह्या तरुणाच्या हाती पडला आणि तो हे काम करू लागला. पुढे त्याच्यामागून कितीतरी कलावंत आले. पण त्यांच्या बाहुल्या म्हणजे एकेकटीच, हाताने घडवलेली कलाकृती. बाहुली घराघरांत गेली ती 1999 साली, क्योटोच्याच फोल्क्स ह्या कंपनीने रेझिनची 'सुपर डॉल्फी' काढली तेव्हा. मागाहून कोरियात अनेक कारखाने निघाले आणि आज ह्या बाहुल्यांचे संग्राहक जगभर आहेत.

ह्या इतिहासातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ही कंपनी मूळची बाहुल्यांची नव्हे. तिचा धंदा छंदिष्टांच्या साहित्याचा. त्यात रेझिनचे सुटे भाग असलेली पुतळ्यांची पेटी येई. ती विकत आणून भाग तासायचे, जोडायचे, रंगवायचे. हे सगळे घेणाऱ्याने घरी बसून करायचे. त्यालाच तर छंद म्हणायचा! भागांवर साच्याची रेघ असली तर ती घासून काढणे हे घेणाऱ्याचे काम, ह्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पुढे त्याच रेझिनची, त्याच रीतीने ओतलेली बाहुली निघाली. पण तिला घेणारी माणसे निराळी होती. त्यांना पुतळा जोडायचा नव्हता, बाहुली हवी होती. रेघ मात्र तीच राहिली, आणि ती काढायची कोणी, हा तंटा तेथून सुरू झाला.

ठकीच्या अंगावरची रेघ मला पहिले दोन दिवस दिसलीच नाही. मग भाचीने तिला दिव्याखाली आडवे धरून दाखवली. कानाच्या मागून निघून मानेच्या बाजूने उतरणारी, पुन्हा मांडीच्या बाहेरच्या अंगाने पावलापर्यंत जाणारी, केसासारखी बारीक उंच कड. बोट फिरवले तर डोळ्यांआधी बोटाला कळते. हातांच्या पंजावर तर दहाही बोटांच्या दोन्ही बाजूंनी ती फिरलेली.

ती येते कशी, हे आमच्या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी मला समजावून दिले. शिल्पकाराने घडवलेल्या मूळ नमुन्यावरून सिलिकोन रबराचा दोन पाखांचा साचा करतात. दोन द्रव एकत्र करून त्यात ओततात. काही मिनिटांत ते आपोआप तापते आणि घट्ट होते. साच्याची दोन पाखे कितीही घट्ट बांधली तरी त्यांच्या फटीत थोडा द्रव शिरतोच, आणि तेथे रेघ उमटते. रबराचा साचा फार दिवस पुरत नाही. काही डझन नग निघाले की त्याच्या कडा झिजतात, फट वाढते आणि रेघ जाड होते. मग नवा साचा करावा लागतो. रेघ टाळता येत नाही. ती कोठून न्यायची एवढेच साचा करणाऱ्याच्या हातात असते. कसबी साचेकार ती चेहऱ्यावरून कधीच नेत नाही, कानाच्या आड लपवतो, पायाच्या बाजूने वळवतो. मला ह्या अनामिक साचेकाराचे फार कौतुक वाटले. घरात पाहुणा असताना मोरीकडचे दार लोटून घेणारी माणसे असतात, त्यांच्यातला हा.

तुम्ही म्हणाल, घासून टाकावी; त्यात काय मोठे? पेणच्या कारखान्यात शाडूचा गणपती साच्यातून निघतो. त्याच्याही अंगावर सांधा असतोच. ओले बोट फिरले की तो मिटला. पुढे रंग चढला की संपलेच. पण रेझिनचा न्याय वेगळा. ठकीच्या कातडीचा रंग वरून दिलेला नाही. तो रेझिनमध्येच मिसळलेला, आतबाहेर एकच. गालांची लाली आणि भुवया तेवढ्या वरून काढलेल्या. वरून रंगाचा हात द्यावा तर रेझिनची ती किंचित पारदर्शक, जिवंत कांती जाते, आणि सांध्यांवर रंग घासून निघतो. तेव्हा गोशो बाहुलीचा सांधा वर काही घालून मिटवता येतो. ठकीचा मिटवायचा तर ठकीतलेच काही काढून घ्यावे लागते. शिवाय रेझिन उन्हाने आणि वयाने पिवळे पडते, आणि हे पिवळेपण वरच्या थरात अधिक असते. जुनी बाहुली घासली की खालचा फिकट रंग वर येतो. रेघ जाते आणि तिच्या जागी पांढरट पट्टा राहतो.

ठकी जुनीच होती. एका बाईंकडून भाचीने ती घेतली तेव्हा तिला दहा-बारा वर्षे होऊन गेली होती आणि तिचा रंग पातळ मधासारखा झाला होता. पहिल्या मालकिणीने तिच्या अंगाला पॉलिशपेपर कधी लावलाच नव्हता. आता भाचीला ती रेघ काढावीशी वाटत होती आणि धीर होत नव्हता. एका रविवारी तिने आपल्या ह्या छंदातल्या मंडळींना चहाला बोलावले. चार माणसे आणि चार बाहुल्या त्या खोलीत कशा मावल्या, हे मला अजून सांगता येणार नाही. बाहुल्यांना खिडकीत ओळीने बसवले आणि चर्चा सुरू झाली. भाची मला मराठीत सांगत होती, आणि मध्येच रंगात येऊन सांगायचे विसरत होती.

बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई होत्या. बोलणे अतिशय मृदू, मत अतिशय कडक. त्या म्हणाल्या, "बाहुलीला मी 80 हजार येन मोजले. एवढे पैसे देऊन किमोनो घेतला आणि त्याचे दोरे लोंबत असले, तर दुकानदार मला कात्री देईल का?" रेघ हा दोष आहे, तो कारखान्याने काढून द्यावा. काही कारखाने काढून देतातही, काही त्याचे वेगळे पैसे मागतात. ह्या वेगळ्या पैशांचाच त्यांना विशेष राग होता.

त्यांच्या शेजारी बसलेला तरुण लहानपणापासून रेझिनची विमाने आणि राक्षस जोडत आलेला. त्याला हा वादच समजत नव्हता. पेटी उघडली की पहिले काम दोर सोडून अवयव सुटे करायचे, दुसरे काम घासायचे. आधी 400 नंबरचा कागद, मग 600, मग 800, मग 1000. तेही पाण्यात बुडवून आणि तोंडाला मुखपट्टी बांधून, कारण रेझिनची धूळ छातीत जाऊ देणे बरे नव्हे. त्याने आपल्या बाहुलीचा पाय माझ्या हातात दिला. खरोखर, रेघ कोठे होती ते सांगता येईना. "पूर्ण दोन दिवस लागतात," तो म्हणाला, "आणि दोन दिवसांनी ती माझी होते."

तिसऱ्या बाई पन्नाशीच्या पुढच्या. त्यांच्याकडे अशा बऱ्याच बाहुल्या, आणि एकीलाही त्यांनी कधी घासलेले नाही. त्या आधी गप्प होत्या. मग ठकीला उचलून, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तिची मान पाहिली, आणि आपल्याकडे पोथी पारखणारा माणूस कागद उजेडासमोर धरून बोलतो तशा बोलू लागल्या. रेघ बारीक आहे, म्हणजे साचा नवा असताना ही ओतलेली. जागच्या जागी आहे, म्हणजे कोणी हात लावलेला नाही. जुनी बाहुली घेणारा हे आधी विचारतो. घासताना नवशिका हात मांडीचा गोलवा सपाट करून ठेवतो, आणि ते नुकसान भरून येत नाही. ह्या धंद्यात नकलाही फार होतात. विकत घेतलेल्या बाहुलीवरून चोरून साचा करायचा आणि ओतायची. अशा नकलेवर तिच्या साच्याची रेघ असतेच. पण मूळ बाहुलीची रेघ घासलेली नसेल तर तीही साच्यात उतरते, आणि नकलेच्या अंगावर दोन रेघा दिसतात. "खरीच्या अंगावर एकच," त्या म्हणाल्या आणि ठकीला त्यांनी हळूच परत जागेवर बसवले.

चौथी मुलगी म्हणाली, तिला रेघ कधी दिसलीच नाही. ती फक्त चेहरा पाहते. ह्यावर सगळे हसले. मला वाटते, बहुसंख्य लोक त्या मुलीसारखेच असावेत. पण वाद काही त्यांच्यामुळे चालत नाहीत.

मी बाहेरची, त्यात मराठीची मास्तरीण. पण एक विसंगती माझ्या मनातून जाईना. ह्या बाहुल्यांच्या गुडघ्यात, कोपरात, मनगटात मोठमोठे गोळे उघड दिसतात. अंगाचे चक्क तुकडे झालेले दिसतात. त्याची ह्या मंडळींना मुळीच खंत नाही. उलट सांध्याचा गोळा कसा सुबक आहे, गुडघ्याला दुहेरी सांधा असल्यामुळे पाय किती वाकतो, हे ते एकमेकांना कौतुकाने दाखवतात. आणि केसाएवढ्या रेघेवरून मात्र रुसवे! मी भाचीमार्फत हे विचारले. बँकेतल्या बाईंनी थोडा विचार करून उत्तर दिले, ते मला पटले. सांधा बाहुलीसाठी आहे, त्या म्हणाल्या. रेघ कारखान्यासाठी आहे. सांध्यामुळे ती बसते, मान वळवते. रेघेचा तिला काय उपयोग?

आपल्याकडेही हा भेद आहेच. गोधडीचा टाका आपण वर दाखवतो, कारण गोधडी त्या टाक्यांनीच उभी राहते. झंपराची शिवण मात्र आत. कोणी उलटा झंपर घातला तर वर्गातल्या पोरी आठवडाभर हसतात. तरीही पन्नाशीच्या त्या बाईंचे म्हणणे मला अधिक मोलाचे वाटते, हे सांगून टाकते. बँकेतल्या बाईंचा हिशेब नव्या बाहुलीला लागू आहे. नव्या बाहुलीची रेघ हे खरोखरच कारखान्याचे उरलेले काम आहे, आणि 80 हजार येन घेणाऱ्याने ते पुरे करावे. पण बारा वर्षे त्या रेघेसकट पिवळी पडलेल्या बाहुलीची रेघ कोणाची? कारखान्याची तर ती खासच उरलेली नाही. पहिल्या मालकिणीने तिला बारा वर्षे ऊब दिली, कपडे केले, बहुधा काही गुजही सांगितले, आणि रेघ राहू दिली. ती नजरचुकीने राहिली की आवडीने, हे ठकी सांगणार नाही.

मंडळी गेल्यावर रात्री भाचीने ठकीचे डोके काढले. मानेचा जो भाग डोक्याच्या आत जातो, जो कधीच दिसत नाही, तेथे तिने पाण्यात भिजवलेला 1000 नंबरचा कागद चार वेळा फिरवला. मी दिवा धरला होता. पाणी दुधासारखे झाले. पुसून पाहिले तर नखाएवढी जागा अशी फिकी दिसू लागली की जणू तेथे कोणी चंदन लावले आहे. भाची बराच वेळ बोलली नाही. मग तिने डोके परत बसवले, टोप घातला आणि ती म्हणाली, "आता नको. पुन्हा कधी पाहू." पॉलिशपेपर तिने खणात ठेवला. मी चार दिवसांनी पुण्याला परत आले.

पुढच्या वर्षी जगाची दारे बंद झाली. 2020 चा सारा वसंत भाची त्या खोलीत एकटी होती. प्रयोगशाळा बंद, देवळे बंद, विमाने बंद. फोनवर ती नेहमी "मी मजेत आहे" म्हणे. तिच्या आईला ते खरे वाटे, मला वाटत नसे. मे महिन्यात एकदा तिने ठकीचे छायाचित्र पाठवले. मानेवरची रेघ तशीच, मांडीवरची तशीच. उजव्या हाताची पाचही बोटे मात्र साफ घासलेली आणि उरलेल्या हातापेक्षा जरा गोरी, हातमोजा घातल्यासारखी. मी कारण विचारले. तिने लिहिले, की दुपारी ती ठकीचा हात हातात घेऊन वाचत बसते आणि तीच एक रेघ बोटाला टोचत होती. डाव्याला हात लावलेला नाही. खाली आणखी एक ओळ होती. ठकीसाठी परकर-पोलके शिवायचे आहे, तर माझ्या जुन्या इरकलीचा तुकडा जमेल तेव्हा पाठवावा. काठ मात्र फार रुंद नको, ठकीला तो गुडघ्यापर्यंत येईल.